ह्यांच्याही नावाचा कर

॥ श्री ॥

सुर्ला, डिचोली
८ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
बायचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू आणि वहिनी बरी असाल असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. पाकीट बघून तू म्हणशील, हिला काय झालं, हातात फोन असताना टपालाला पैसे घालते. पण फोनवर तू "मागीर उलोवया" म्हणून पुढे ढकलतोस आणि तुझं ते मागीर काही उजाडत नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं शांत. शिवाय गेल्या आठवड्यात चौथीला पत्रलेखन शिकवलं. 'मामास पत्र' असा विषय दिला, तर निम्म्या वर्गाने मामाकडे सायकल मागितली आणि एकाने सरळ मोबाईल. म्हटलं, आपणही लिहून बघू. घाबरू नकोस, मी सायकल मागणार नाही.

सेजलचं फार्मसीचं दुसरं वर्ष चालू आहे. वसतिगृहातलं जेवण तिला आवडत नाही, म्हणून शनिवारी येते ती पाव विकणाऱ्या पोदेराची वाट बघत बसते आणि चार उंडे एकटी संपवते. हे शाळेची बालरथ बस चालवतात. मुलं ह्यांना 'ट्रक अंकल' म्हणतात, कारण ह्यांच्या बोलण्यात बसपेक्षा ट्रकच जास्त असतो. आमचा खनिज वाहायचा टिप्पर अजून अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे. खाणी बंद पडून पुढच्या महिन्यात सहा वर्षं होतील. सुरू होणार, सुरू होणार असं कोणी ना कोणी सांगत येतं, आणि हे दर रविवारी ताडपत्री काढून इंजिन चालू करून बघतात. शेजारची लक्ष्मीकाकी आता रविवारी कपडे वाळत घालतच नाही.

तुझ्या टॅक्सींचं कसं? विमानतळ झाल्यापासून पेडण्यात पाय ठेवायला जागा नाही म्हणतात.

बरं, कामाचं. इन्कम टॅक्सकडून मला मेसेज आला आहे. इब्रामपूरच्या काजूच्या डोंगराची जी विक्री आपण नोव्हेंबर एकवीसमध्ये केली, ती माझ्या पॅनवर दिसते पण विवरणपत्रात दाखवलेली नाही, असं त्यात आहे. ह्यांच्या पॅनवरही तसाच आला. ह्यांचे कागद मीच सांभाळते, ईमेल आणि नंबर माझाच दिलेला आहे, म्हणून तोही माझ्याच फोनवर आला. ह्यांना मी अजून काही बोलले नाही. उगाच कशाला डोक्याला ताप.

तुला माहीतच आहे, आपल्या गोव्यात नवराबायकोची मिळकत अर्धी अर्धी धरतात. डोंगर आपल्या दोघांचा, पण कागदावर विकणारे चौघं झालो. तू, वहिनी, मी आणि हे. कर चौघांना वेगवेगळा. तेव्हाच तू कराचं अंगावर घेतलंस आणि म्हणालास, "बाय, कराचें सगळें हांव पळयतां. तूं फकत सही कर." नंतर भरल्याचंही सांगितलंस. तेव्हा चूक त्यांच्याच कारभारात कुठेतरी असणार. आमच्या दोघांच्या चलनांचे फोटो तेवढे पाठव, म्हणजे मी ते दाखवून मोकळी होते.

वहिनीच्या गुडघ्याला आता कसं आहे? जिना उतरताना जपायला सांग. वरचा मजला बांधलात तो छान झाला, पण जिना फार उभा आहे.

तुझी,
बाय


॥ श्री ॥

सुर्ला
२ एप्रिल २०२४

ती. दादास,
बायचा नमस्कार.

वहिनीच्या फोनवरून चलनांचे फोटो मिळाले. एक तुझ्या पॅनचं, एक वहिनीच्या. आमची दोन चुकून राहिली असतील म्हणून मी आठ दिवस वाट बघितली. मग तुला तीन वेळा फोन केला. एकदा तू विमानतळावर होतास, एकदा गिऱ्हाईक गाडीत होतं, आणि एकदा वहिनीने उचलून "ते न्हातात" सांगितलं. तासाभराने पुन्हा केला तरी तू न्हातच होतास. माझ्या भावाला स्वच्छतेची इतकी आवड आहे हे मला पन्नाशीत कळलं.

मग डिचोलीला ताराकडे गेले. तारा म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. बाजारात कराचं ऑफिस आहे तिचं. हिला मी तेराचा पाढा येईना म्हणून वर्गाबाहेर उभी केली होती. आता ती मेजाच्या त्या बाजूला बसली होती आणि मी ह्या. तिने दोन्ही पॅन उघडून बघितले आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या दोघांचा एक पैसा भरलेला नाही." ऑफिसात आणखी तिघं बसले होते. ती हळू बोलली ह्याबद्दल मी तिचे उपकार मानते.

एकतीस मार्चच्या आत नवीन विवरणपत्र भरलं तर कर, व्याज आणि वर पंचवीस टक्के जादा. तारीख उलटली की जादाचे पन्नास टक्के. त्यातही आधी नोटीस निघाली तर ती वाट बंदच. दोघांचं मिळून पावणेपाच लाख होत होते. माझ्याकडे एवढे नव्हते. सोसायटीतून कर्ज काढायचं तर नवऱ्याची सही लागते. मग ताराच म्हणाली, "बाई, क्रेडिट कार्ड आहे?"

होतं. शाळेत बँकेची एक मुलगी आली होती, तिचं टार्गेट पुरं व्हायचं होतं म्हणून आम्ही पाच बायकांनी फॉर्म भरले होते. पाच लाखांची मर्यादा ऐकून आम्ही हसलो होतो. त्या कार्डावर मी आजवर दोनच गोष्टी घेतल्या, सेजलचा लॅपटॉप आणि स्वतःला एक प्रेशर कुकर. शनिवारी, तीस तारखेला, ताराच्या कॉम्प्युटरवर कर भरला. आधी माझा, मग ह्यांचा. वर बँकेचा चार्ज. बटण दाबलं आणि चाक फिरत राहिलं, तेवढ्यात मला वाटलं की नाहीच झालं तर बरं. पण झालं.

ह्यांचं विवरणपत्र पक्कं करायला आधारचा ओटीपी लागतो, आणि आधारला ह्यांचा स्वतःचा नंबर आहे. म्हणून ह्यांना फोन केला. हे बालरथ धूत होते. "सहा आकडे आले असतील, सांगा," म्हटलं. ह्यांनी हात पुसून एकेक आकडा वाचून दाखवला. कसला, कशाला, काही विचारलं नाही. वर, "परत वाचूं?" म्हणाले.

तर असं. मी रागावलेले नाही. दोन टॅक्सी, वरचा मजला, मागचे-पुढचे खर्च, त्यात राहून गेलं असेल. कार्डाचे बँकेने चोवीस हप्ते करून दिले आहेत, व्याज आहेच. दर महिन्याच्या पाच तारखेला तू जमेल तेवढं माझ्या खात्यात घालत जा. अर्धं घातलंस तरी चालेल. ह्यांना कळता कामा नये एवढं बघ. ह्यांना मी त्या व्यवहाराबद्दल थोडं वेगळं सांगितलेलं आहे. ते काय, ते इथे लिहीत बसत नाही.

यंदा काजूला मोहर बरा होता म्हणे. आपल्या डोंगरावर आता कुंपण घातलंय, सेजलने कॉलेजच्या सहलीला जाताना बसमधून बघितलं.

तुझी,
बाय


सुर्ला, डिचोली
१९ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझा सगुण काल येऊन गेला. वकिलाकडचा कारकून असला तरी मुलगा सालस आहे, अंगणातून आत यायला लाजत होता. पिशवीत वहिनीने चवथीच्या नेवऱ्या घातल्या होत्या आणि त्यांच्या खाली नवीन खरेदीखताचा मसुदा. कागदाला तूप लागलं आहे. आपल्या दोघांचा उरलेला रस्त्याकडचा तुकडा विकायचा ठरलाय, सोमवारी दहा वाजता पेडण्याला रजिस्ट्रारकडे आम्ही दोघांनी यायचं, असा निरोप. यंदा चवथीला आम्ही आलो नाही ह्याबद्दल एक शब्द नाही. लग्नानंतर पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदाच आले नाही, दादा. गणपतीवरच्या माटोळीला लावायची आटकं, ती रानफळं, दर वर्षी हे म्हावळिंग्याच्या रानातून आणतात. ह्या खेपेला आटकं नव्हती हे तरी कोणाच्या लक्षात आलं का?

खुशालीचं नंतर. आधी मी तुला एक गोष्ट सांगते, जी एप्रिलमध्ये लिहिता लिहिता टाळली.

पहिल्या खरेदीखताच्या दिवशी आपण चौघं रजिस्ट्रारकडे बसलो होतो. फोटो, अंगठे, सह्या. सगळी रक्कम तुझ्या एकट्याच्या खात्यात द्यावी, त्याला बाकी तिघांची संमती आहे, असं कलम होतं. मी ते वाचलं होतं. मला काही फसवून सही घेतली नाहीस. भावाकडून वाटा मोजून घेणारी बहीण आपल्या गावात कशी बघितली जाते ते मला माहीत आहे, आणि मला तशी व्हायचं नव्हतं. विमानतळ येतोय, गाड्या घ्यायला तुला पैसे हवे होते, मी म्हटलं घे. माझ्या बाजूने आनंदाने दिलं. कर तेवढा तू भर, एवढंच बोलणं झालं होतं. ह्यांनी सात ठिकाणी सही केली, न वाचता. नंतर तू आम्हाला मासळीचं जेवण घातलंस आणि वहिनीने मला मोरपंखी साडी दिली.

स्कूटरवरून परत येताना अस्नोड्याच्या पुलावर ह्यांनी माझ्या वाट्याचं विचारलं, "दादान तुजें कितें केलें?" रागाने नव्हे. विचारायचं म्हणून विचारलं. मी सांगितलं असतं की मी सोडलं, तर हे काही म्हणाले नसते. पण ह्यांच्या डोळ्यांत माझं माहेर हलकं होईल असं मला त्या क्षणी वाटलं. मी म्हटलं, दादाने सेजलच्या नावावर आठ लाखांची ठेव ठेवली आहे, तिच्या लग्नापर्यंत हात लावायचा नाही. हे खूश झाले. दहा मिनिटं तुझं कौतुक चाललं होतं. म्हणाले, असा भाव मेळूंक नशीब जाय. मी मागे बसून ऐकत होते.

तीन वर्षं हे त्या ठेवीवर विसंबून होते. कधी बोलून दाखवलं नाही, पण खाणी बंद असतानाही ह्यांना शांत झोप लागायची ती त्यामुळे, हे मला आता कळतं.

जूनमध्ये खाणी सुरू व्हायची हवा आली. ह्या वेळी खरी. गावात यादी झाली, ज्याची गाडी ऑगस्टअखेर पासिंग होऊन तयार त्याचं नाव यादीत. टिप्परला टायर, विमा, बॉडीचं काम, सगळं मिळून तीन लाख लागत होते. ह्यांनी साखळीला बँकेत अर्ज केला. बायको म्हणून माझी सही हवी, म्हणून मला घेऊन गेले. मी वाटेत सांगायला हवं होतं. साखळीचा बाजार आला, बँक आली, आणि मी सांगितलं नव्हतं.

बँकेतल्या माणसाने स्क्रीन आमच्याकडे वळवला. म्हणाला, मॅडमच्या नावावर कार्डाचे चार लाखांवर बाकी दिसतात, एक हप्ता उशिराने गेलाय, असं असताना कर्ज बसत नाही. हे हसले. म्हणाले, दुसऱ्या कोणाचं असेल, आमची बायको कार्ड वापरत नाही. त्याने माझं नाव आणि पॅन वाचून दाखवला. हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली तरी ह्यांना काही कळलं नाही. मला वाटतं ह्यांना कळून घ्यायचं नव्हतं. लगेच त्या माणसाला म्हणाले, "तें रावूं दी. तिच्या भावान चेडवाच्या नांवार आठ लाखांची एफडी दवरल्या. ती तारण घेयात."

"पावती हाडल्या?" त्याने विचारलं.

"घरा आसतली. आसा न्ही गो?"

घरी आहे ना, असं ह्यांनी माझ्याकडे वळून विचारलं. पंख्याखाली बसलेले दोघं-तिघं ऐकत होते, त्यांत एक आमच्या शाळेतल्या मुलाचा बाप. मी म्हटलं, "ना. पावती ना. एफडीच ना."

दादा, हे तुला वाचायला किती वेळ लागला? मला ते म्हणायला तीन वर्षं लागली, आणि म्हणावं लागलं ते परक्या माणसाच्या मेजासमोर.

हे उठले, अर्ज परत घेतला, त्या माणसाला देव बरें करूं म्हणाले. आम्ही सुर्ल्याला आलो. अंगणात स्कूटर लावून म्हणाले, "ओटीपी घेतलो तेन्ना तरी सांगूंक जाय आशिल्लें." आणि थोड्या वेळाने, "हांव तुज्या भावाक कितें म्हणचो ना. तुका विचारतां." मग मी सगळं सांगितलं, जनेलातून बाहेर बघत, ह्यांच्याकडे न बघता. सांगून झाल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "आनीक कितें आसा?" आणखी काय आहे, हा प्रश्न पंचवीस वर्षांत मला कधी विचारला नव्हता. आता रोज विचारत नाहीत, पण विचारल्यासारखं बघतात. परवा गॅसवाल्याचा ओटीपी आला, मी मागितला, तर म्हणाले, "कसलो?" मी सांगितलं, गॅसचा. मग वाचून दाखवला.

यादीत नाव गेलं नाही. गेल्या शनिवारी बेळगावचा भंगारवाला आला आणि टिप्पर घेऊन गेला. जाताना तो इंजिन चालू होतंय का ते बघायला गेला. ह्यांनी त्याला सांगितलं, होतं, दर रविवारी होतं. मिळालेले पैसे हे घरात घेऊन आले आणि मेजावर ठेवून म्हणाले, "हें कार्डाक घाल." ट्रक ह्यांचा, आणि त्याने कोणाचा कर फिटतोय ते बघ.

आता तुझ्याबद्दल.

माझ्या एप्रिलच्या पत्रानंतर तुझा एक फोन आला होता, सगळं सीएवर ढकलणारा. "बाय, म्हाका खबर नाशिल्लें. सीएन कितें केलें तें ताकाच खबर." हप्त्याचं मात्र पाच महिन्यांत काही आलं नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. खरंच ठेवला. तू काही शिकलेला वकील नव्हेस, गोव्याचा हा अर्ध्या-अर्ध्याचा कायदा भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नाही. बँकेतून आल्यावरही मी ह्यांना तेच सांगत होते, दादाची चूक झाली, दादाला कळलं नाही.

मग कार्डात पैसे भरायची तारीख बघायला मी जुने फोटो चाळत होते, तेव्हा तुमची ती दोन चलनं समोर आली. मी ती ताराला दाखवायला नेली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिने रकमा बघितल्या, कागदावर थोडं गणित केलं आणि ते पुन्हा तपासलं. मग म्हणाली, "बाई, तुमच्या भावाला माहीत नसतं तर त्यांनी सगळ्या रकमेवर कर भरला असता. पैसे तर सगळे त्यांच्याच खात्यात आले होते. त्यांनी पाव भागावर भरलाय आणि वहिनींच्या नावाने पाव भागावर. ज्याने चौथा हिस्सा काढला, त्याला उरलेले दोन हिस्से कोणाचे ते ठाऊक होतं."

तेराचा पाढा न येणारी ती मुलगी मला हे समजावून सांगत होती, आणि मला दोनदा विचारावं लागलं.

चलनांवर तारीख अठ्ठावीस जुलै बावीस आहे. ती तारीख मला पाठ आहे, कारण त्या दिवशी सेजलची प्रवेशाची यादी लागली होती आणि आम्ही पणजीला होतो. दुपारी तुझा फोन आला. मी कॉलेजच्या पायरीवर उभी राहून तो घेतला. तू म्हणालास, "आयज कर भरून आयलों. तुजें काम जालें, आतां न्हिदून राव." मी म्हटलं, दादा, उपकार झाले. सेजललाही सांगितलं, मामाने आपलं मोठं काम केलं. तिने फोन घेऊन तुला थँक यू म्हटलं आणि तू ते घेतलंस.

स्वतःचा आणि वहिनीचा कर भरून, आमचा तसाच सोडून, त्याच दिवशी तू मला फोन केलास. कोणी तुला फोन करायला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी सगळं समजून घ्यायला बघते रे. पैसे कमी पडले असतील, गाडीचा हप्ता असेल, वहिनीने नको म्हटलं असेल. पण तो फोन मला कुठेच बसवता येत नाही.

मी पण खोटं बोलले, ते मी नाकारत नाही. माझं खोटं मला फेडावं लागेल आणि ते कार्डासारखं चोवीस महिन्यांत फिटणारं नाही. पण ते मी तुझं नाव मोठं राहावं म्हणून बोलले होते.

सगुणने आणलेला मसुदा मी वाचला. तेच कलम आहे, सगळी रक्कम गोकुळदास यांच्या, म्हणजे तुझ्या, खात्यात. त्यावर मी लाल शाईने रेघ मारली आहे. मास्तरीणच मी, लाल पेन जवळ असतंच. समासात चार खात्यांचे नंबर लिहिले आहेत. तुझा, वहिनीचा, माझा, ह्यांचा. ज्याचा पाव त्याच्या खात्यात, ज्याचा कर त्याने भरायचा. आधीच्या कराचे पावणेपाच लाख, बँकेचं व्याज आणि चार्ज, हे तुझ्या पावातून सोमवारीच डीडीने द्यायचे. एवढं मान्य असेल तर आम्ही दोघंही सही करू. नसेल तर गिऱ्हाईकाला सांग की बहीण आणि तिचा नवरा सही करत नाहीत. आमच्या सहीशिवाय ती जमीन हलत नाही, हे तुला माझ्याआधी माहीत होतं.

होय, मी वाटा मागते आहे. गावात खुशाल सांग. वहिनी सांगेलच. माझ्यासाठी त्या घराचं दार आता पूर्वीसारखं उघडणार नाही, हेही मला समजतं. रात्रभर रडून झालं आहे माझं. मला तो डोंगर नको होता, पैसेही नको होते. चवथीच्या आदल्या दिवशी ह्यांच्या मागे बसून इब्रामपूरला यावं, तू अंगणात उभा असावास आणि उशीर झाला म्हणून "कित्याक कळाव केलो" असं ओरडावंस, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी मी सगळं सोडून दिलं. त्या दिवशी फोन करून तू एवढंच म्हणाला असतास, की बाय, पैसे संपले, तुमचा कर तुम्हीच भरा, तर मी चार दिवस तणतणले असते, कुठून तरी उभे करून भरले असते, आणि चवथीला आलेही असते.

सोमवारचं मी ह्यांना विचारलं. ह्यांनी मसुदा हातात घेतला आणि पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचायला बसले. दीड तास लागला. "खंय सही करची तें सांग" असं आता म्हणत नाहीत. हे पत्रही इथपर्यंत लिहून ह्यांना वाचायला दिलं, अजून पाकीट चिकटवलेलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, फोनचं लिहिलंस तें बरें केलें. मग जवळ बसले.

नेवऱ्या सेजलने खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या असं वहिनीला सांग.

खाली तुझी कोण असं लिहायचं ते मला आज ठरवता येत नाही. बाय हे नाव तू ठेवलंस, मी बोलायला लागायच्या आधी. सोमवारी दहा वाजता रजिस्ट्रारच्या दारात मला लाल रेघ मारलेला कागद घेऊन आलेली बघशील, तेव्हा कुठल्या नावाने हाक मारतोस ते ऐकेन. तोवर नुसतंच,

सुलोचना